इथलं सिमेंट सुकत नाई

मिस्त्री खुर्चीवर बसले की आधी सदऱ्याच्या खिशातून ओळंबा काढायचे. दोरी चिमटीत धरून तो कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर लटकवायचे. खालचा पितळी गोळा हलायचा थांबेपर्यंत गप्प राहायचे. मग मान हलवून म्हणायचे, "सरळ हाय. बांधनारा जानकार हाय."

गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, हे तुम्ही पाहिलं असेल. गेममधल्या बुरुजाला लावताना मी एकाच माणसाला पाहिलं.

राजापेठेत ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर गेमचं दुकान आहे. तिथे मी झाडपूस करते. सकाळ-संध्याकाळ पोरांचा गोंधळ असतो. दुपारी ती क्लासला बसली की दुकान रिकामं होतं. तेव्हा मी डबा खाते. माणसांसमोर मला घास उतरत नाही, म्हणून भिंतीकडे तोंड करून बसते. दुकान रिकामं असलं तरी तशीच बसते, सवय झाली आहे.

दुकानाच्या बाथरूमची भिंत ओल धरायला लागली, तेव्हा मालकाने मिस्त्रींना बोलावलं. त्यांचं घर मुसलमानपुऱ्यात होतं. पांढरी दाढी, एका पायावर जोर देऊन चालणं. घमेल्यात सिमेंट कालवून ते पाणी मागायला बाहेर आले आणि तिथेच थांबले.

एका पडद्यावर कोणीतरी गेम तसाच सोडून गेलं होतं. डोंगराच्या उतारावर दगडाचं शहर होतं. पायऱ्या, कमानी, बाजार, खाली समुद्र. पाऊस पडत होता आणि पन्हाळीतून पाणी खरंच गळत असल्यासारखा आवाज येत होता. मी रोज तो पडदा पुसत होते, पण त्या दिवसापर्यंत त्यातलं शहर मला दिसलं नव्हतं.

मालक बाथरूममध्ये डोकावून ओरडला, "चाचा, सिमेंटचा दगड झाला ना!"

"होऊ द्या. दुसरं कालवतो," मिस्त्री म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरच होती. "हे कोनी बांधलं?"

"अहो, हे खरं नाही. गेम आहे."

"खरं नसलं म्हनून काय झालं? बांधलं त कोनीतरी ना?"

मालकाला हसू आवरेना. पण भिंत इतकी चांगली झाली, की त्याने त्यांना दुपारी येऊन बसायची मुभा दिली. मिस्त्रींचा गुडघा गेला होता, परांचीवर चढणं बंद झालं होतं. बायको वारलेली, एकुलती मुलगी अकोल्याला दिलेली. ते रोज येऊ लागले.

त्या गेममध्ये राक्षस मारायचे असतात. मिस्त्री कमान पाहत उभे राहायचे आणि राक्षस मागून येऊन त्यांनाच मारायचा. "बाई, मेलो पुन्हा," ते मला सांगायचे, जणू चहा सांडला. रिकाम्या घरात शिरायच्या आधी दारात थांबायचे. आत पेटीत तलवार असली तरी उचलायचे नाहीत. मालक म्हणायचा, "घ्या ना चाचा, त्याशिवाय गेम पुढे जात नाही." ते म्हणायचे, "घरधनी घरात नाई. मी उचलू कसा? चाळीस वर्सं लोकायच्या घरात काम केलं, खिळा नाई उचलला."

गेम पुढे गेलाच नाही. मिस्त्री मात्र ते शहर गल्लीगल्लीने फिरले. एक दिवस मला म्हणाले, "बाई, सगळं शहर पायलं. राजा हाय, लोहार हाय, दारूवाला हाय. गवंड्याचं घर कुठं नाई."

मी कोणाशी आपणहून बोलत नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. "झाडनारी बी नाई दिसत. रस्ते पाहा कसे साफ हायेत."

ते खुर्चीसकट माझ्याकडे वळले आणि इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे आपन दोघं सोडून सगळे हायेत इथं!"

मला आठवतं, त्या दिवशी मी भिंतीकडे पाठ करून जेवले.

मग मालकाने त्यांना दुसरा गेम लावून दिला. त्यात नुसती मोकळी जमीन, झाडं आणि नदी. सगळं चौकोनी, विटांसारखं. आपण खणायचं आणि आपणच बांधायचं. त्या गेममध्ये पाया लागत नाही, भिंत कुठेही उभी राहते. मिस्त्रींना ते पटेना. त्यांनी कमरेइतका पाया खणला आणि दगडाने भरला. पहिली भिंत उभी राहिल्यावर तिला पाणी मारायला हवं म्हणून बादली ओतली. गेममधलं पाणी काही जिरत नाही. सगळ्या खोलीत गुडघाभर पाणी झालं, आणि मिस्त्री त्यात उभे राहून मला विचारतात, "बाई, पुसायला पोतारा हाय का?"

भिंती छातीइतक्या आल्यावर मी विचारलं, "कोनाचं घर बांधून राहिले?"

"तुमचं."

मी पुसायचं फडकं पिळत राहिले.

"मी एवढी घरं बांधली," ते म्हणाले. "झाडनारीचं एक बी नाई बांधलं. कोनी बोलावलंच नाई. सांगा, ओसरी किती पायजे?"

माझी एक भाड्याची खोली आहे. मी एकटी राहते. मला कसं घर पाहिजे, हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. ते विचारायचे आणि मी मान हलवायची. ओसरी झाली. न्हाणी झाली. दाराशी होतं ते लिंबाचं झाड तसंच ठेवलं. शेवटी स्वयंपाकाची खोली झाली आणि तिथे ते थांबले.

"चूल कुठं मांडू?"

"तुमीच मांडा."

"ते नाई होत. चुलीची जागा घरच्या बाईनं सांगावं लागते. गवंड्यानं ठरवली त बाईचं मन लागत नाई घरात. माझा उस्ताद त्यासाठी दोन दिवस काम थांबवे."

"सांगते."

"सांगा सावकाश. घाई नाई. इथलं सिमेंट सुकत नाई."

मी आठवडाभर सांगितलं नाही. मग महिनाभर नाही. ते रोज यायचे, पायरी काढून पुन्हा लावायचे, कौलं बदलायचे आणि उठताना विचारायचे, "चूल?" मी म्हणायचे, "सांगते." ते म्हणायचे, "घाई नाई."

मी लाजत होते हे खरं. पण पूर्ण खरं ते नाही. जागा मी तिसऱ्याच दिवशी ठरवली होती. फक्त चूल मांडली की घर पुरं झालं असतं, आणि घर पुरं झालं की मिस्त्री दुसऱ्या घरी जातो.

थंडीत त्यांचा हात थरथरायला लागला. भिंतीत वीट लावायला जायचे आणि चार विटा फोडून बसायचे. एक दिवस आंघोळीला गेले आणि घसरून पडले. मुलगी त्यांना अकोल्याला न्यायला आली.

निघताना ते दुकानात आले. जावई खाली रिक्षात बसला होता. वेळ संध्याकाळची, दुकान पोरांनी भरलेलं. मिस्त्री दाराची चौकट धरून उभे राहिले आणि सगळ्यांच्या वरून मोठ्याने म्हणाले, "बाई, चूल राहिली ना!"

दहा-बारा पोरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी फिसकन हसलं. मी बादली घेऊन बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली तरी उभी राहिले. बाहेर आले तेव्हा दार मोकळं होतं.

त्यानंतर दुपारी मी त्या खुर्चीवर बसायचे. मालक ते घर पडद्यावर लावून द्यायचा. बोट चुकेल आणि भिंत फुटेल या भीतीने मी कशाला हात लावत नव्हते. नुसती ओसरीवर उभी राहायचे. तिथे संध्याकाळ व्हायची, सकाळ व्हायची. लिंबाखालचा रस्ता रिकामा असायचा.

उन्हाळ्यात मालकाने जुने कॉम्प्युटर काढून नवे आणले. सामान खाली गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. "मावशी, ते चाचांचं घर जुन्यातच राहिलं हो. गेलं."

"बरं," मी म्हणाले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मालकाने त्याचा फोन माझ्या हातात दिला. पलीकडे मिस्त्रींची मुलगी होती.

"बाई, माफ करा. अब्बा तब्येतीनं लय थकले. आताशा त्यायले सगळं नीट समजत नाई. सकाळपासून एकच लावलं, त्या बाईले विचारा, चूल कुठं मांडू. आमाले काई समजून नाई राहिलं. तुमी काई बी सांगून द्या, म्हंजे शांत होतीन."

मग त्यांचा आवाज आला. आवाज बारीक झाला होता.

"बाई?"

दुकान भरलेलं होतं. पोरं ऐकत होती. मालक समोर उभा होता.

"खिडकीखाली मांडा," मी म्हणाले. "रस्त्याच्या अंगाच्या खिडकीखाली."

"रस्त्याच्या काहून? धूळ येईन."

"येऊ द्या. रांधता रांधता बाहेर दिसलं पायजे. कोनी येऊन राहिलं असन, त दुरून समजते. एक भाकर जास्तीची टाकता येते."

 

"बसून रांधता का उभ्यानं?" त्यांनी विचारलं.

"बसून."

"मंग खिडकी दोन विटा खाली घ्यावं लागन. तुमी ठेंगन्या हा. बसल्यावर रस्ता नाई दिसनार तुमाले."

"घ्या सावकाश," मी म्हणाले. "घाई नाई."

"हाय, बाई. आता घाई हाय. आता सुकून राहिलं."

मुलीने फोन घेतला, "अब्बा झोपते हो आता," म्हणाली, आणि तो बंद झाला. पुन्हा आला नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी मिस्त्री गेल्याचं मालकाला कोणाकडून तरी कळलं. त्याने मला सांगितलं आणि मी खुर्च्या पुसत राहिले.

माझ्या खोलीत गॅस खालीच मांडलेला आहे आणि त्याच्यासमोर कोरी भिंत आहे. एकदा भाकरी थापताना मी बसल्या जागेवरून नजर सरळ नेली आणि जिथे ती टेकली, तिथे पिठाच्या बोटाने आडवी रेघ ओढली. तिच्याखाली दोन विटांचं माप घेतलं आणि दुसरी ओढली. खिडकी तिथून सुरू होते.