विशिष्ट भूमिकेचा सत्कार

मंदीत माझी दुबईतली नोकरी गेली. पुढे शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांच्या एका कंपनीत दुसरी मिळाली, पण खुर्ची लहान होती. घर अजमानला हलवलं. खुर्ची लहान झाली की माणसाची सल्ले देण्याची ताकद वाढते, असा माझा अनुभव आहे. ऑफिसात मला कुणी काही विचारत नसे, म्हणून मी इथल्या मराठी मंडळात आणि घरात न विचारता सांगू लागलो.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमधल्या एका गावात विवाह नोंदणीच्या सरकारी कचेरीत काम करते. जोडप्यासमोर उभं राहायचं, त्यांच्याकडून शपथ वदवून घ्यायची आणि लग्न झाल्याचं जाहीर करायचं. मंदीनंतर काही वर्षांनी तिकडचा कायदा बदलला. दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचंही लग्न लागणार होतं, आणि लावणार होती आमची बहीण, जी अंगारकी सोडाच, साधी संकष्टीही मोडत नाही. डिसेंबरात ती सुट्टीला आमच्याकडे आली, ती हाच प्रश्न घेऊन.

"दादा, मला हे जमेल असं वाटत नाही," चहा घेताना ती म्हणाली. "परत गेले की मॅनेजरबाईंना सांगायचंय. नाही म्हटलं तर लग्नाचं काम जाईल. कदाचित नोकरीसुद्धा."

तिच्याबरोबरची एक नायजेरियन बाई, दर रविवारी चर्चला जाणारी, आधीच नाही म्हणून मोकळी झाली होती.

"अगं, सरकारी काम ते!" मी म्हणालो. "त्यात मन कशाला घालतेस? इकडे येण्याआधी मी इतकी वर्षं सरकारी नोकरी केली, एक दिवस मन लागलं नाही. कुणाची तक्रार आली?"

"येत होत्या," बायको आतून म्हणाली. "तुम्ही वाचत नव्हतात."

बहीण हसली, म्हणाली, "बघते विचार करून," आणि विषय तिथे थांबला. म्हणजे थांबायला हवा होता. मंडळाचे अध्यक्ष मला पार्किंगमध्ये भेटले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की माझी बहीण धर्मासाठी सरकारी नोकरीवर पाणी सोडायला निघाली आहे. वाक्य ऐकायला फार छान वाटलं. इतकं छान, की मी ते कारणासकट पुन्हा एकदा म्हणालो.

"काय सांगता! मग सत्कार करू या," अध्यक्ष म्हणाले. मराठी माणसाला ही शिंकेसारखी गोष्ट आहे. एकदा आली की थोपवता येत नाही. तिथल्या तिथे शुक्रवारच्या स्नेहसंमेलनातली वेळ ठरली. मग त्यांचा चेहरा जरा उतरला. "पण साहेब, हा विषय या देशात माइकवर घेता येणार नाही हं. पुन्हा हॉल मिळायचा नाही."

"घेऊ नका ना," मी उदारपणे म्हणालो.

बहिणीला मी एवढंच सांगितलं, की चल, तिथे मिसळ चांगली असते.

मिसळ खरंच चांगली होती. ती संपवून बहीण हात पुसत होती, तेवढ्यात अध्यक्षांनी माइक घेतला. "आज आपल्यामध्ये अशा एक भगिनी उपस्थित आहेत, ज्यांनी एका विशिष्ट विषयावर, एका विशिष्ट परिस्थितीत, एक विशिष्ट भूमिका घेतली आहे. विषय आपणा सर्वांना ठाऊक आहेच."

कुणालाच ठाऊक नव्हता. टाळ्या मात्र जोरात पडल्या. बहिणीला वर नेलं, शाल पांघरली, नारळ दिला. तिने वरून माझ्याकडे पाहिलं आणि मी एसीची जाळी न्याहाळू लागलो. माझी मुलगी माझ्या बाहीला ओढत होती, "बाबा, व्हॉट डिड आत्या इव्हन डू?"

मग भेटायला रांग लागली. एका काकूंनी तिला विचारलं, "आता तब्येत कशी आहे?" दुसऱ्या एकाने भाच्याच्या व्हिसाचं जमेल का, ते विचारून घेतलं. तिसरे म्हणाले, "ताई, नाव काढलंत!" कशात ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गाडीने घरी निघालो. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली आणि तिने विचारलं, "दादा, हे कशाबद्दल होतं?"

मी सांगितलं.

"खलास," मागच्या सीटवरून बायको म्हणाली.

"मी अजून नाही म्हटलेलंच नाही," बहीण म्हणाली. आवाज चढवलाही नाही. "माझ्या वतीने तूच नाही म्हणून आलास. ज्यांची लग्नं लावायची त्यांचं मी तोंडही पाहिलं नाही, आणि त्यांना नाही म्हटलं म्हणून माझ्या खांद्यावर शाल! मला ती घेताना कसंतरीच झालं रे."

मी गाडी चालवण्यात लक्ष घातलं. गाडी जागची हलत नव्हती, तरी.

"आणि तू म्हणतोस, मन घालू नकोस. मला तसं येत नाही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक लग्नाला मी मनात मंगलाष्टक म्हणते. सावधान झालं की मगच जाहीर करते. समोरच्यांना पत्ताही नसतो. ख्रिश्चन, मुसलमान, देव न मानणारे, तिसऱ्यांदा उभे राहिलेले, सगळ्यांसाठी म्हटलंय. उद्या दोन पुरुष समोर आले आणि ते आलंच नाही, तर? मग मी नुसती शिक्का मारणारी. नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण तशी नोकरी मला नको."



"तुम्ही, आणि गप्प?" बायको म्हणाली. "क्लिनिकला घ्यायची का गाडी?"

जाण्याआधी बहिणीने आमच्या बाल्कनीतून मॅनेजरबाईंना फोन लावला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिथे लग्नाला दोन अधिकारी लागतात, एक बोलणारा आणि एक नोंद लिहिणारा. "पहिल्या वेळी मला लिहायला बसवा," ती म्हणाली. "ते झाल्यावर मी सांगते." बाईंनी मान्य केलं.

अध्यक्ष पुढे भेटले की विचारायचे, "काय, ताई ठाम ना?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला."

उन्हाळा लागता लागता तिचा फोन आला.

"दोघं पार्किंगवरून भांडत आले, दादा. हॉलमध्येही चालूच. 'तुला सांगत होतो, मागच्या गल्लीत लाव.' वाटलं, आता हे लग्न काही होत नाही."

"मग?"

"मग झालं. रडले दोघंही."

"आणि तुझं ते, मनातलं?"

"लिहीत होते ना मी. अक्षराकडे बघू की देवाकडे?" मग ती म्हणाली, "आधीचं काही आलं नाही. सावधान तेवढं आलं. आपोआप."

तिची नायजेरियन मैत्रीण आता जन्मनोंदणीच्या टेबलावर बसते. दोघी अजून एकत्रच जेवतात. मैत्रीण तिला म्हणाली होती, तू तुझ्या देवाला विचारलंस, मी माझ्या. त्यानंतर हा विषय त्यांनी जेवताना काढलेला नाही.

"पुढच्या शनिवारी दोन बायकांचं आहे," बहीण म्हणाली. "बोलायला मी उभी राहणार आहे. सांगितलंय तसं."

"मला वाटतं, अशा वेळी," मी सुरुवात केली.

"दादा, फोन वहिनीला दे."