आत काय आहे ते सांगा

फोन हातात आला की मिस्त्रीभाऊ तो आधी पालथा ठेवायचे. काउंटरवर जुन्या शालीचा हिरवा तुकडा अंथरलेला असायचा, त्यावर. मग पायानं स्टूल तुमच्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "बसा. आत काय आहे ते सांगा."

तुम्ही म्हणायचात, "काही नाही."

"मंग घेऊन जा," असं म्हणून ते फोन परत तुमच्या हातात द्यायचे.

सौंसरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत ज्यांनी ज्यांनी फोन नेला, त्या सगळ्यांनी हा अपमान एकदा तरी गिळलेला आहे. नागपूरच्या बसला दहा मिनिटं असोत, बाहेर नवरा गाडीवर हॉर्न वाजवत असो, भाऊंना फरक पडत नसे. आत काय आहे ते तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय ते केबल जोडत नसत.

पूर्वी ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. ते गेले, टीव्ही आले. टीव्ही पातळ झाले तेव्हा भाऊ मोबाइलकडे वळले. मोबाइलमध्येही त्यांचं खास काम एकच. पोरं इंटरनेटवर बघून फोनात भलतंच सॉफ्टवेअर टाकतात, चार दिवस मिरवतात, आणि मग फोन कंपनीच्या लोगोवर अडकून बसतो किंवा बँकेचं ॲप उघडायला नकार देतो. असा फोन आतलं सगळं पुसून पुन्हा कंपनीनं दिला होता तसा करून देणं, यात त्यांचा हात धरणारा इकडे पांढुर्ण्यापर्यंत कोणी नव्हता.

पोरांना ते रागवत नसत, टोमणे मारत. "घराले रंग देल्ला, खिडक्या बदलल्या, झालर लावली. अन् दाराचं कुलूप तं उघडंच ठेवलं ना बावा! मंग बँक कशी येईन तुह्या घरात?"

काम मात्र फार शिस्तीचं. फोनचा मॉडेल नंबर डाव्या तळहातावर बॉलपेननं लिहायचे आणि लॅपटॉपवरच्या नंबराशी तीन वेळा ताडून बघायचे. एक अक्षर चुकलं तर दुसऱ्याच फोनचं सॉफ्टवेअर जातं आणि फोनची वीट होते, पुन्हा कधी चालू होत नाही. काम चालू असताना काउंटरला कोणाचं कोपर लागलेलं त्यांना खपत नसे. एकदा आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी "कोपर उचला" असं म्हटलं होतं. मुख्याध्यापकांनी उचललं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी त्यांना इतक्या पटकन कोणाचं ऐकताना पाहिलेलं नाही.

तहसीलातले एक बाबू असेच एकदा स्टुलावर अडकले. फोन चालू होता, पण हँग व्हायचा. "ऑफिसचे कागद आहेत, दुसरं काही नाही," बाबू म्हणाले. भाऊ म्हणाले, उघडा, पाहू. उघडलं तर बाबूंचे स्वतःचेच चाळीसेक फोटो. केस काळे करण्याआधीचे आणि केल्यानंतरचे, समोरून, बाजूनं, मागूनसुद्धा. मी रांगेत मागे उभी होते. मी पदर तोंडाला लावला. भाऊंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हे ठेवू का जाऊ देऊ?"

बाबू हळूच म्हणाले, "नंतरचे ठेवा."

हा सगळा प्रकार मला आधी अतिशहाणपणाचा वाटायचा, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. तो का सुरू झाला हे मला ठाऊक आहे, कारण त्यात माझाही हात आहे.

मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. माझ्या भाच्यानं माझ्या फोनात काहीतरी 'एकदम भारी' टाकून दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरीचं सरकारी ॲप उघडेना. मी शाळेत हजर आणि कागदावर गैरहजर. तेव्हा पहिल्यांदा भाऊंकडे गेले. त्या वेळी ते नुसतं विचारायचे, "आत काही आहे का?" आपण "नाही" म्हटलं की कामाला लागायचे. संध्याकाळी फोन तयार. मी खूश झाले आणि ज्याला त्याला त्यांचं नाव सांगत सुटले.

आमच्या शाळेत पोरांचं जेवण बनवायला पंचफुलाबाई येतात, बोरगावच्या. त्यांच्याकडे जावयाचा जुना फोन होता, त्यात जावयानं असेच उद्योग केलेले. त्यांचं बँकेचं ॲप उघडेना. मीच त्यांना मधल्या सुट्टीत भाऊंकडे घेऊन गेले. भाऊंनी विचारलं, "आत काही आहे का बाई?"

पंचफुलाबाई लाजल्या. "माह्या फोनात काय राहते जी? काही नाही."

आणि मी, घड्याळाकडे बघत, म्हणाले, "त्यांच्या फोनात काय असणार भाऊ? करून टाका."

भाऊंनी केलं. फोन कोरा करकरीत झाला, बँकेचं ॲप उघडलं, बाईंनी भाऊंना हात जोडले.

तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाई माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ तसंच. "मॅडम, आमच्या घरच्याइचं बोलणं कुठं गेलं?"

त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. हयात असताना मोसमात ते संत्रा तोडायला बाहेरगावी जात, आणि लिहिणं-वाचणं दोघांनाही बेताचं म्हणून बायकोला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवत. बस मिळाली नाही, उद्या येतो. कोंबड्या आत घेतल्या का. असलंच सगळं. पंचफुलाबाई रोज स्वयंपाक चढवायच्या आधी त्यातलं एखादं ऐकत असत. त्या शाळेत येऊ लागल्याला सात वर्षं झाली, पण हे मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, "अहो, मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं फोनात काय आहे म्हणून. ते काय फोनातलं सामान होतं का मॅडम? ते तं त्याइचं बोलणं होतं."

मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की मी वर्ग तसाच सोडून त्यांच्यासोबत निघाले.

भाऊंनी ऐकलं आणि फोन ठेवून घेतला. पुढचे आठ दिवस तो फोन लॅपटॉपला जोडून ते काय काय करत राहिले. पुसलेलं परत आणायची जेवढी साधनं त्यांना माहीत होती तेवढी सगळी त्यांनी लावून पाहिली. नवव्या दिवशी मला म्हणाले, "नाही येत मॅडम. गेलं ते गेलं." त्यांचे डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, चूक माझी आहे, तुम्ही तर विचारलं होतं. ते म्हणाले, "विचारलं म्हणजे काय? नावापुरतं विचारलं. बाई 'नाही' म्हणते हे ऐकाले मी तयारच बसलो होतो."

दुसरा कोणी इथं थांबला असता. मी थांबले होते, खोटं कशाला बोलू?

चार दिवसांनी भाऊ शाळेत आले आणि पंचफुलाबाईंना विचारू लागले, तुमचे मालक अजून कोणाकोणाशी बोलायचे? मुकादम कोण होता? चहा कुठं प्यायचे? "तुमच्या फोनातून गेले बाई, पण माणूस काय एकाच फोनात राहते का? बाकीच्याइले बी काही धाडलं असंन ना त्यानं."

मग दर मंगळवारी दुकान बंद ठेवून भाऊ आपल्या खटारा स्कूटरवर निघायचे. बोरगावचा मुकादम सापडला. मोहगावचा चहावाला सापडला. त्याच्याकडे उधारीवरचं भांडण होतं, चांगलं दीड मिनिटाचं, भाऊंनी तेही घेतलं. कुठल्या एका ट्रॅक्टरवाल्याच्या घरी ते तीनदा गेले, कारण तो दोनदा भेटला नाही. पांढुर्ण्याला पंचफुलाबाईंचा भाऊ राहतो, त्याच्याकडे एका रविवारी मीही गेले होते. तो माणूस "जुनं काही नाही जी माह्याकडं" म्हणत होता. मिस्त्रीभाऊंनी त्याच्या हातातला फोन हळूच घेऊन पालथा ठेवला, खाटेवर त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मले घाई नाही. तुमचे भाऊजी काय काय बोलत होते, सांगा."

तो सांगायला लागला. भाऊजी कसे चिडायचे, पोळ्याला बैल कसे सजवायचे, एकदा बसमध्ये चप्पल विसरून अनवाणी कसे आले. बोलता बोलता त्यालाच आठवलं आणि त्यानं फोनात बोट वर वर सरकवत नेलं. अर्ध्या तासानं एक आवाज निघाला. परत येताना भाऊ स्कूटरवर एवढंच म्हणाले, "असं विचाराले पाहिजे होतं मॅडम."

एकूण अकरा आवाज जमले. भाऊंनी ते पंचफुलाबाईंच्या फोनात टाकले, एका छोट्या मेमरी कार्डात टाकले, आणि ते कार्ड टिकलीच्या डबीत घालून दिलं. "एकाच जाग्यावर ठेवलेलं म्हणजे ठेवलेलंच नाही," म्हणाले.

भांडी घासून झाल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही ते ऐकलं. पेट्या कमी पडून राहिल्या मुकादम. पाऊस आहे का तिकडं? मग चहावाल्याशी भांडण. ते ऐकून पंचफुलाबाई मनापासून हसल्या. शेवटी पांढुर्ण्याचा आवाज लावला, मेव्हण्याला पाठवलेला.

"तुही बहीण माह्यं ऐकत नाही रे. आज बी उपाशीच गेली कामाले. तू सांगून पाहा तिले. तिची तब्येत मले बरी दिसत नाही."

हा आवाज पंचफुलाबाईंनी कधी ऐकलेला नव्हता. तो त्यांच्यासाठी नव्हताच. त्यांनी चुलीकडे पाहिलं. मला वाटलं आता रडतील.

"खोटं बोलून राहिले," त्या म्हणाल्या. "मी जेवून गेलती त्या दिवशी." मग पदरानं फोनची काच पुसली. "भाऊ, अजून एकदा लावा."

त्या दिवसापासून भाऊंच्या दुकानात ते स्टूल आलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तुटलीसुद्धा. शेजारी एकानं अर्ध्या तासात सॉफ्टवेअर मारून देणारं दुकान टाकलं, तिकडे गर्दी व्हायची. भाऊ म्हणायचे, "त्याचं बी बरोबर आहे. पण मी एकदा घाई करून पाहिली." ती घाई माझी होती. तसं त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही.

यंदा संक्रांतीनंतर भाऊ गेले. चार दिवस नागपूरला दवाखान्यात होते, तेवढंच. दुकानाचं शटर बंद आहे. आतलं सामान घरच्यांनी नेलं असेल. हिरव्या शालीच्या तुकड्याचं काय झालं कोण जाणे.

गेल्या आठवड्यात जेवणाची पंगत उठल्यावर पंचफुलाबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांच्या हातात एक फोन होता, त्यांचा नव्हे. "भाऊच्या घरच्या बाईचा आहे," त्या म्हणाल्या. "मॅडम, मी जमा करून राहिली. भाऊचा आवाज."

मला कळेना. म्हटलं, त्यांच्या बायकोकडे नाही? ज्या माणसानं दुसऱ्यांसाठी एवढी गावं पालथी घातली, त्याच्या घरात?

"एका घरात राहणाऱ्याले कोण बोलून धाडते मॅडम? रोज घरीच तं होते. तिच्या फोनात एक बी नाही." त्यांनी पदर खोचला. "बोरगावचे तीन झाले. मोहगावचा एक. तहसीलातल्या बाबूनं दोन देल्ले. तुमच्या फोनात काय आहे?"

मला पाचवा तास होता. भाऊ गेल्यावर मी फोन एकदाही नीट पाहिला नव्हता, आणि मागच्या वर्षी तर भाच्यानं तो पुन्हा बिघडवला तेव्हा भाऊंनीच तो कोरा करून नीट केला होता. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "माझ्याकडे काय असणार? काही नाही."

पंचफुलाबाईंनी माझ्या हातातला फोन घेतला आणि पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला. मग पायानं पाट माझ्याकडे सरकवला.

"बसा मॅडम," त्या म्हणाल्या. "आत काय आहे ते सांगा."

मी बसले. पाचवा तास गेला. मी त्यांना मुख्याध्यापकांच्या कोपराचं सांगितलं, बाबूंच्या केसांचं सांगितलं, पांढुर्ण्याच्या खाटेचं सांगितलं, आणि त्या दिवशी घाई मी केली होती हेही सांगितलं. ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मग मी फोन उलटा केला आणि वर वर शोधत गेले. मागच्या दिवाळीच्या सुमाराला एक सापडला, लहानसा. फोन नीट झाला का हे बघायला भाऊंनी तो दुकानातूनच माझ्या फोनवर पाठवला असणार; मी कधी ऐकला नव्हता. मी लावला.

"मॅडम, फोन झाला तुमचा. कंपनीनं देल्ला होता तसा. घाई नोका करू, शाळा सुटल्यावर या. मी बसूनच आहो."