वरोरच्या फळीतला खिळा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा मुलीची परीक्षा, आईचे गुडघे, असलंच काहीतरी बोलून उठतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडायची हिंमत करतोय. मध्येच अडखळलो तर समजून घ्या — नाही, नका समजून घेऊ. नुसतं ऐका.

मी सुतार. तलासरीला हायवेपासून जरा आत माझं वर्कशॉप आहे. दारं, खिडक्या, पलंग — आणि गेली काही वर्षं जुन्या होड्यांच्या लाकडाचं काम. झाई, वरोर, तिकडच्या होड्या मोडीत निघाल्या की फळ्या माझ्याकडे येतात. जुना साग, खाऱ्या पाण्यात मुरलेला, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. त्याचं दार केलं की माणसं नुसती हात फिरवत उभी राहतात. फक्त एक भानगड असते — खिळे. होडीच्या फळीत ते कुठे कुठे असतील, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गंजून डोकी उडालेले, आत रुतून बसलेले. एक जरी राहिला आणि फिरत्या ब्लेडला लागला तर संपलंच.

खिळे काढायचं काम लहानूदादाचं. इथल्याच पाड्यावरचा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, अकरा वर्षं माझ्याकडे होता. फळी मांडीवर आडवी घ्यायचा, डोळे मिटायचा आणि बोटांनी चाचपत जायचा. मी चिडायचो. अरे दादा, फळी आहे की बाळ आहे, आटप ना! तो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. अकरा वर्षांत त्याच्या हातून एक खिळा राहिला नव्हता.

तर तो दसरा. तीन वर्षं झाली. आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी मशीन बंद, कुणी रंधासुद्धा उचलायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पूजलेल्या हत्यारानेच पहिला काप घ्यायचा, मग वर्षभराचं काम. बाबांपासून चालत आलंय. नवमीला सकाळी मी गोल करवतीचं मोठं ब्लेड उतरवलं, थिनरने लख्ख पुसलं, ओल्या कुंकवाची बोटं ओढली. एका ठिकाणी जरा जास्तच फासलं गेलं, म्हणून फडक्याने टिपायला गेलो. कुंकू पुसलं गेलं. पण एक रेघ राहिली. दाताच्या मुळापासून आत, पेराएवढी लांब, केसाएवढी बारीक, लाल.

पुन्हा पुसली. जाईना. कुंकू आत शिरलं होतं — म्हणजे आत शिरायला जागा होती.

कळलं का तुम्हाला? ब्लेडला तडा गेला होता आणि मला तो दिसला होता. लक्षात आलं नाही, असं म्हणायची सोय नाही मला. नखाने खरवडून पाहिला. ब्लेड बोटावर तोलून टिचकी मारली, तर आवाज बद्द आला. सुताराच्या घरात जन्मलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायला लागतं? असलं ब्लेड तिथल्या तिथे भंगारात जायला पाहिजे.

मग का नाही टाकलं? कारण कुंकू लागलं होतं. पूजलेलं ब्लेड सणाच्या दिवशी भंगारात टाकायचं — मन धजेना. आई अपशकुन म्हणेल, दिवसभर बडबडेल. शिवाय वरोरचे तांडेल दसऱ्याला सकाळीच यायचे होते. त्यांच्या वडिलांची होडी मोडली होती. तिच्या फळ्यांचं नव्या घराला दार करायचं आणि पहिला काप त्यांच्यादेखत घ्यायचा, हा त्यांचा हट्ट. म्हटलं, एकच तर काप. मुहूर्ताचा. मग उतरवू. एका कापाने काय होतंय!

आणि ब्लेडवरचं झाकण? ते मी कधीच काढून ठेवलं होतं, जाड फळीला आडवं येतं म्हणून. भिंतीला टांगलेलं होतं. नवमीला त्याला झेंडूचा हार मात्र घातला होता.

दसऱ्याला नारळ फोडला, मशीन सुरू केलं. अलीकडून मी फळी ढकलत होतो, पलीकडून लहानूदादा तिचं टोक धरून ओढत होता. हातभर कापली असेल. मग — कसं सांगू — आवाज झाला. कोरडा, कडक, एकच. मशीन हादरलं, फळी माझ्या पोटात बसली, आणि मी स्वतःची बोटं मोजली. ऐकताय ना? पहिल्यांदा मी माझी बोटं मोजली. दहा भरली तेव्हा मान वर केली. लहानूदादा उभाच होता. ओरडलासुद्धा नाही. डावा हात डोळ्यावर दाबलेला, आणि बोटांच्या फटींतून... आई गं.

तांडेलांनी बटण बंद केलं. त्यांनीच त्याला गाडीत घातलं, वापीला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला. आणि मी? मी म्हणालो, तुम्ही निघा, मी इथलं आवरून मागून येतो.

इथलं आवरून! माणसाचा डोळा फुटलाय आणि मी आवरायला थांबलो. काय आवरलं ते आता सांगतो. इथवर आलोय तर सांगून टाकतो.

ब्लेडचा तुकडा कोपऱ्यात पडला होता. तुटलेल्या कडेवर तडा होता तिथवर लाल, पुढे चकचकीत ताजं लोखंड. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. सगळे तुकडे गोणीत बांधले आणि मागच्या पडक्या विहिरीत टाकले. मग फळी उलटी करून कापाच्या तोंडाशी बोट फिरवलं. स्वच्छ. लहानूदादाने काढलेल्या खिळ्यांचा डबा तिथेच होता. त्यातला एक गंजका खिळा उचलला, काप जिथे थांबला होता तिथे ठोकला, वरून कानस मारली — ब्लेड घासल्याची खूण दिसावी म्हणून. पाच मिनिटं लागली नसतील. मला स्वतःचीच भीती वाटते ती त्या पाच मिनिटांची.

दवाखान्यात तांडेलांना सांगितलं, फळीत खिळा राहिला होता. लहानूदादा पलीकडच्या कॉटवर होता, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्याने ऐकलं. चाचपडत माझा हात शोधला, अगदी फळी चाचपायचा तसा, आणि म्हणाला, “मिस्त्री, माझाच खिळा राहिला. तुम्हाला काय झालं असतं तर?”

आत्ता बोलायला पाहिजे, आत्ता — असं डोक्यात वाजत होतं. आणि तोंडातून काय निघालं? “असू दे दादा, होतं असं.” माफ केलं मी त्याला! मी, त्याला!

डावा डोळा गेला. खिळे काढायचं काम त्याने आपणहून सोडलं. माझ्या बोटांचा भरवसा राहिला नाही, म्हणाला. दुसऱ्या सुतारांनीही त्याला उभं केलं नाही. खिळा सोडणारा माणूस, अशी बोलवा झाली. आता तो डहाणूकडे एका चिकूच्या वाडीत राखण करतो. दवाखान्यातून सुटून आला तेव्हा फळीतला तो खिळा त्याने माझ्याकडून मागून घेतला होता. मी पकडीने उपटून दिला.

यंदा दसऱ्याला तो पूजेला आला. खिळे काढायला दोन नवीन माणसं ठेवलीत मी. त्याने त्यांना जवळ बोलावलं, खिशातून कागदाची पुडी काढली, खिळा एकेकाच्या तळहातावर ठेवला. म्हणाला, “हा माझ्या हातून राहिला, बघा. आणि मिस्त्री एका शब्दाने मला बोलले नाहीत.” ती माणसं माझ्याकडे बघायला लागली — आदराने.

मी तिथेच उभा होतो, चार पावलांवर. म्हणालो, “दादा सांगतोय ते नीट ऐका.”