पिशवीभर पत्ता

लग्नाची पत्रिका हातात आली की आमचे कापड दुकानवाले शेठ आधी चष्मा पुसायचे. मग मुहूर्त, स्थळ सगळं सोडून थेट खालच्या नावांवर यायचे आणि विचारायचे, "कुणाचं राह्यलं तर न्हाई ना?"

त्याला कारण होतं. त्यांच्या स्वतःच्या पोरीच्या पत्रिकेत सख्ख्या धाकट्या भावाचंच नाव छापायचं राहिलं होतं. धाकटे शेठ लग्नाला आले, न जेवता गेले आणि दिवाळीच्या आत जाफराबादच्या त्याच रस्त्यावर समोर वेगळं दुकान थाटून बसले. दोघे भाऊ समोरासमोर गल्ल्यावर बसत, पण बोलणं बंद.

एक दिवस शेठ माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले. वेबसाइट पाहिजे होती. मी म्हटलं, पत्ता छोटा घ्या, लोकांच्या लक्षात राहील. 'जाफराबाद साडी' कसं वाटतं?

"ह्याच्यात आमचा बाप कुठंय?"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आजोबा, वडील, धाकटा भाऊ, स्वतः, परिवार, वस्त्रभांडार, गाव. सगळं सलग. वेबसाइटची गमतीदार नावं तुम्हीही पाहिली असतील, पण ही तर पत्रिकाच होती. मी हात जोडायच्या आधी कॉम्प्युटरनेच जोडले. त्याला ठरावीक मर्यादेपुढे अक्षरं चालत नाहीत.

"शेठ, काहीतरी काढावं लागेल. परिवार काढू?"

"मंग घरी जेवायला कोण देईल?"

"गाव काढू?"

"मंग गिऱ्हाईक जालन्याला जाईल ना!" शेठनी चष्मा काढून पुसला. "माझं काढ. धाकट्याचं बिलकुल न्हाई. मी तर दुकानात बसून राह्यलो, सगळ्यांना दिसतोच."

असा जन्माला आला मोतीलालकन्हैयालालराजमलआणिपरिवारवस्त्रभांडारजाफराबादवाले डॉट कॉम. त्यातले राजमल म्हणजे धाकटे शेठ.

शेठनी हा पत्ता दुकानाच्या पिशव्यांवर छापून घेतला, पण एका बाजूला तो मावेना. पुरता वाचायचा तर पिशवी गरकन फिरवावी लागे. एक जीपवाला म्हणाला, "शेठ, वेबसाइट हाय का मतदारयादी?" सुरतेच्या व्यापाऱ्याला फोनवर पत्ता सांगताना शेठचा मध्येच एक चहा व्हायचा. माझ्याशिवाय त्या वेबसाइटवर कुणी पोचलं असेल असं मला वाटत नाही. शेठ मात्र साधा रुमाल घेणाऱ्यालाही मोठी पिशवी द्यायचे आणि समोरच्या दुकानाकडे बघायचे.

"धाकट्यानं वाचलं असंल का रे?" मला अधूनमधून विचारायचे.

ती पिशवी दिसली की धाकटे शेठ तोंड फिरवायचे.

मागच्या वर्षी शेठ गेले. काही दिवसांनी धाकटे शेठ माझ्या दुकानात आले. हातात तीच पिशवी. कुणीतरी गिऱ्हाईक त्यांच्याकडे विसरून गेलं होतं.

"हे माझं नाव हाय," त्यांनी त्यावर बोट ठेवलं. मग पिशवी फिरवली, पुन्हा फिरवली. "आन् भैयाचं कुठंय?"

"मावलं नाही. तुमचं काढू देईनात."

धाकटे शेठ खुर्चीत बसून पोरासारखे रडले. मलाही आवरलं नाही.

मग त्यांनी माझ्याकडून नवा पत्ता घेतला. त्यात एकच नाव, भैयाचं. आता समोरासमोरच्या दोन्ही दुकानांच्या पिशव्यांवर तोच छापलेला असतो. छोटा आहे, एका बाजूला मावतो. पिशवी फिरवावी लागत नाही.