करमशाबाबाचा मलिदा

माझ्या बायकोनं ज्या बाबाला नवस बोलला तो बाबा मीच तयार केला होता, आणि तेव्हा माझं शिक्षण दुसरी होतं. (आजही तेवढंच आहे.)

बायकोचं नाव सरू. तिच्या बापाची एकच अट होती, जावई वाचणारा पाहिजे. मधल्या माणसानं ठोकून दिलं, "पोरगं सातवी हाय." मी मान खाली घालून बसलो. सासऱ्याला वाटलं, पोरगं लाजतंय. लग्न झालं आणि पुढं बारा वर्षं मी सातवी पास राहिलो. पोस्टकार्ड आलं की मी ते आधी गोठ्यात न्यायचो, म्हशीपुढं उभा राहून अक्षराला अक्षर जुळवायचो आणि मग घरात येऊन घडाघडा म्हणायचो. सरू आळीत सांगत फिरायची, "आमचं ह्ये कागद धरला की अडतच न्हाईत." मी तिथंच कुठंतरी घाम पुसत असायचो.

दुष्काळाच्या साली हे सगळं अंगाशी आलं. सरूचा भाऊ दगडू एस.टी.त कंडक्टर होता. लोक गाडीत जे विसरायचे त्यातलं जे कुणी परत मागणार नाही ते दगडू आमच्या तिसगावच्या घरी आणून टाकायचा. एकदा त्यानं चित्रांची पुस्तकं आणली. वादळवीराची. हा वादळवीर तोंडाला फडकं बांधायचा, आभाळातून उडायचा आणि चड्डी पॅंटच्या वरून घालायचा.

"घाईत घातली आसंल," सरू म्हणाली. "कुनीतरी बुडत आसतंय ना सारखं."

चित्रं होती म्हणून मला ती पुस्तकं वाचायला सोपी. अक्षर अडलं तर चित्राकडं बघून ठोकून द्यायचं. दुपारी शेण-पाणी आटोपलं की सरू ज्वारी निवडत बसायची आणि म्हणायची, "हं, काढा त्याला." वादळवीराची तिच्याइतकी कडक पारख कुणी केली नसेल. एका अंकात त्यानं बुडतं जहाज दोरानं ओढून काढलं. मला ते फार आवडलं. सरूला नाही.

"दोर कशाचा ते दावलंय का?"

"न्हाई."

"मग खोटं हाय. आपला मोटंचा नाडा एका हंगामात तुटतो, आन ह्यो जहाज वढतोय."

दुसऱ्या अंकात त्यानं एका पोरीला आगीतून उचलून आभाळात नेलं. सरूनं ज्वारीचं सूप खाली ठेवलं. "तिच्या घरी कुनी हाय का न्हाई? आग इझली, आता खाली उतरव की तिला." तिसऱ्यात त्यानं आख्खा डोंगर उचलून बाजूला ठेवला. त्यावर ती म्हणाली, "पयले अंक बरे हुते. आता नुसती ताकद दावतोय. येवढं आंगात हाय तर आमची हीर खांदून दे म्हनावं, धा हात तर ऱ्हायलीय." मी वादळवीराची बाजू घ्यायचो, आमचं भांडण व्हायचं, आणि त्यात दुपार बरी जायची. त्या साली दुपार जाणं हीच मोठी गोष्ट होती.

पण एक भानगड होती. प्रत्येक अंकाच्या शेवटी वादळवीर मरायला टेकलेला असायचा. खाली तेल उकळतंय, वर साखळी तुटतेय, आणि तिथंच पुस्तक संपायचं. कोपऱ्यात एकच शब्द: क्रमशः. आता 'क्र' मला जमत नव्हता आणि शेवटची दोन टिंबं म्हणजे छापताना सांडलेली शाई असं मी धरून चाललो होतो. मी दम घेऊन वाचलं, "करमशा."

"म्हंजी?"

सातवी पास माणसाला 'ठाऊक नाही' म्हणता येत नाही. मी म्हणालो, "नाव हाय."

सरूनं पुढचं स्वतःच जुळवलं. दगडूकडून अंक यायचे ते मागचे पुढं, पुढचे मागं. तेलात पडणारा वादळवीर पुढच्या पुस्तकात ठणठणीत. मधला अंक कुणीतरी गाडीतून उतरताना आठवणीनं घरी नेलेला. सरू म्हणाली, "कळलं मला. आगदी शेवटाला त्यो करमशाबाबाचा धावा करतोय, आन बाबा सोडवतोय. म्हनून तर बाबाचं चित्र न्हाई. देव दिसत आसतो का?"

मी म्हणालो, "तसंच हाय त्ये." (हे तीन शब्द मला पुढं जामखेडच्याही पल्याड, खर्डा गावापर्यंत घेऊन गेले.)

आमची म्हैस अडली ती त्याच दिवसांत. त्या साली घरात दूध येईल ते तिच्याच जिवावर. सकाळपासून जनावर तडफडत होतं, रेडकू अडकलेलं, गुरांचा डॉक्टर गावात नाही. मी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा. सरूनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हात जोडले. "करमशाबाबा, त्या उडान्याला धा येळा सोडवलंस, माज्या म्हशीला येकडाव सोडव. मलिदा घिऊन तुज्या ठाण्यावर यीन. तवर चिकाचा थेंब तोंडात घेनार न्हाई." ती हात सोडते तोवर रेडकू खाली. पारडी होती. मलाही क्षणभर बाबा खरा वाटला.

मग सरू वळली आणि मला म्हणाली, "बाबाचं ठाणं कुठं हाय? वाचून सांगा."

मी सगळी पुस्तकं घेऊन गोठ्यात गेलो. म्हशीनं पाहिलं, पारडीनं पाहिलं, ठाणं कुठं सापडलं नाही. बाहेर खरवस शिजला, शेजारपाजारी वाटला, आणि सरू त्याकडं पाठ करून कोरडी भाकरी खात होती. तीन दिवस हे बघितलं. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "खर्ड्याकडं हाय." खर्डा का, तर लांब होता. वाटलं, एवढ्या लांब ही म्हणेल, जाऊ द्या.

ती म्हणाली, "दगडूला इचारते, गाडी कितीची हाय."

दुसऱ्याच दिवशी जामखेडला गाडी बदलून आम्ही खर्ड्यात उतरलो. सरूच्या मांडीवर मलिद्याचं गाठोडं, माझ्या काखेत पुरावा म्हणून वादळवीर. मला वाटलं होतं लोक म्हणतील, असा कुणी बाबा इथं नाही, आणि सुटलो. पण आपल्याकडं परक्याला 'माहीत नाही' कोण सांगतो? पानवाला म्हणाला, "करमशा? किल्ल्याच्या मागं." किल्ल्यामागं एक म्हातारा शेळ्या राखत होता. तो म्हणाला, "लई जागृत. पर वाट गावातून हाय." गावात एका बाईनं त्याचा उरूस चैत्रात असतो असंही सांगितलं. सरू माझ्याकडं बघून म्हणाली, "बगा, तुमी वाचल्यालं कवा खोटं ठरत न्हाई." मी वादळवीर काखेत आणखी घट्ट धरला.

शेवटी एका दर्ग्यात पोचलो. मुजावर म्हातारा, गोरापान, चष्मा लावून वाचत बसलेला. तो चष्मा बघूनच मी ओळखलं की आपलं संपलं.

"करमशा?" तो म्हणाला. "इथं आसा कुनी न्हाई, ताई. कुनी सांगितलं?"

सरूनं माझ्या काखेतून वादळवीर ओढला आणि शेवटचं पान त्याच्यापुढं धरलं. "ह्ये बगा. छापलंय."

मुजावरनं चष्मा वर केला, खाली केला. मग माझ्याकडं बघितलं. मी खांबाकडं बघत होतो. "पाव्हनं," तो हळूच म्हणाला, "ह्यो शब्द क्रमशः हाय. म्हंजी, ह्ये संपलं न्हाई, फुडं चालू हाय."



"मग वादळवीराला सोडवलं कुनी?" सरूनं विचारलं.

"फुडच्या अंकानं."

"आन माज्या म्हशीला?"

मुजावरनं पुस्तक मिटलं. "ज्यानं सोडवलं त्यानं नाव कुठं सांगितलंय," तो म्हणाला. "मलिदा इथं ठिवा. त्याच्यापातूर जाईल."

सरूनं गाठोडं सोडलं, हात जोडले आणि न वळता मला विचारलं, "तुमी कितवी?"

"दुसरी," मी म्हणालो. "ती बी दोनदा."

जामखेडपर्यंत ती बायकांच्या बाकावर जाऊन बसली. मी मनात म्हणत होतो, ही आता उतरून थेट माहेरची गाडी धरते. गाडी बदलताना मी गाठोड्याचं रिकामं फडकं घेऊन उभा होतो. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, झटकलं, घडी केली. "दगडूनं फुडला अंक आनला तर वाचाल न्हवं?" ती म्हणाली. "हळू वाचा. मला घाई न्हाई." घरी आल्यावर तिनं उरल्या पातळ चिकाचा खरवस शिजवला, मोठी वाटी भरून स्वतः घेतली आणि मला छोटी दिली. शिक्षा तेवढीच.

शब्द मात्र घरात राहिला. भांडण ऐन रंगात आलं आणि दारात पाहुणा उभा राहिला की सरू मला खालच्या आवाजात म्हणायची, "करमशा." पाहुणा गेला की तिथूनच पुढं सुरू. चाळीस-पन्नास वर्षं आम्ही असंच हप्त्याहप्त्यानं भांडलो. गेल्या साली नगरच्या दवाखान्यात ती मला बोलत होती, मी गोठ्याला कडी न लावता आलो म्हणून. नर्स आली आणि मला म्हणाली, बाहेर थांबा. सरूनं माझ्याकडं बोट केलं. "करमशा," ती म्हणाली. मी बाहेर थांबलो. पुढचा अंक आला नाही.

तिचा फोटो मोठा करून घेतला. पेंटर म्हणाला, "खाली काय लिहू, काका?" मी म्हणालो, "करमशा." तोंडाला तेच वळण पडलेलं, आणि त्यानंही ऐकलं तसंच लिहिलं. क नाही मोडला, टिंबं नाहीत. माझ्यासारखाच शिकलेला निघाला.

आता फोटो ओसरीवर आहे. मागच्या आठवड्यात शेजारची नवी सून पळत आली, खालचं नाव वाचलं, पदर पुढं ओढला आणि हात जोडले. म्हणाली, "आमची म्हैस अडलीय. आमच्या सासूबाई सांगत्यात, करमशा म्हशी सोडवतो." मी तिला सगळं समजावून सांगणार होतो. अक्षरं, टिंबं, सगळं. पण म्हटलं, दुसरी पास माणसानं कशाला मधी पडावं?

म्हैस सुटली. मलिदा मी खाल्ला.