अण्णांचं पंचांग आणि हजिऱ्याचं गोडं पाणी

परवा सुरतेत, पर्वत पाटिया भागात, एका लग्नात आम्ही जुने चौघे भेटलो आणि पंगत उठली तरी आम्ही काही उठलो नाही. नव्वदीच्या दशकात हजिऱ्याच्या एका कंपनीत समुद्राचं पाणी गोडं करायचा छोटा प्लांट होता, तिथले आम्ही ऑपरेटर. आमच्या फिल्टरमध्ये गाळ साचायचा तसे हे किस्से साचलेत. कितीही काढा, उरतातच.

त्यातले निम्मे अण्णांचे. अण्णा अमळनेरकडचे, अठरा वर्षं सुरतेत कापडाच्या लूमवर काढलेली. त्या खडखडाटात एक कान गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, परत लूमवर गेलात तर हाही गेला समजा. म्हणून ही नोकरी त्यांना जिवापाड हवी होती.

इंटरव्ह्यूत इनचार्ज देसाईसाहेबांनी विचारलं, "समुद्राच्या पाण्याचा काही अनुभव?"

अण्णा म्हणाले, "साहेब, समुद्र मी अजून पाह्यलाच नाही."

अठरा वर्षं सुरतेत राहून! देसाईसाहेब शेजारच्याला म्हणाले, "माणस साचुं बोले छे, राखी लो." खरं बोलतो, ठेवून घ्या.

*

पहिलं गोडं पाणी कँटीनला गेलं, तेव्हा महाराजांनी, म्हणजे आमच्या आचाऱ्यानं, डाळ नेहमीच्या हिशेबानं चढवली. बोअरच्या जड पाण्याला सात शिट्ट्या लागायच्या. आमच्या पाण्यात सात शिट्ट्यांनी डाळीचा पार लगदा झाला. महाराज कुकर घेऊन थेट प्लांटवर आले. "तुमच्या पाण्यानं माझी डाळ बिघडवली."

अण्णांनी शांतपणे लॉगबुक ओढलं आणि लिहिलं : 'क्वालिटी ओके. डाळ शिजली.' देसाईसाहेबांनी सही करताना ती ओळ वाचली, पण खोडली नाही.

*

हे सुख चार महिने टिकलं. ज्यातून खारं पाणी दाबून गोडं काढायचं ते मेम्ब्रेन गाळानं बुजले. प्रेशर वाढवावं तर वीज जास्त, पाणी कमी, आणि तेही खारट. कंपनीनं नवा सेट दिला, पण बजावून : हाही बुजला तर प्लांट बंद, पाणी टँकरनं येईल. आम्ही तरुण होतो, कुठंही चिकटलो असतो. अण्णांना मात्र लूमशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

त्या आठवड्यात अण्णा जेवणाच्या सुट्टीत गायब व्हायला लागले. जेट्टीवर एका म्हाताऱ्या माछीमाराशी गप्पा मारत बसायचे. मग एक दिवस येऊन त्यांनी कंट्रोल रूमच्या भिंतीला पंचांग टांगलं.

देसाईसाहेब भडकले. "अण्णा, हा प्लांट आहे. मुहूर्त बघून पंप लावणार का?"

"हो साहेब," अण्णा म्हणाले. "अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी, तळाचा गाळ वर येतो. अष्टमीच्या आसपास पाणी निवळ. तेव्हाच भरून ठेवू. साठवणीचे दोन पाँड रिकामेच पडलेत."

साहेबांनी पंधरा दिवस रोज दोन वेळा समुद्राचं पाणी गाळून पाहिलं. गाळलेल्या कागदांची थप्पी टेबलावर लावली : मोठ्या भरतीचे मातकट, अष्टमीचे जवळजवळ पांढरे. दुसऱ्या दिवसापासून लॉगबुकात प्रेशरच्या शेजारी नवा रकाना आला : तिथी.

*

प्रेशर उतरलं, पाणी गोडं झालं. आता हेड ऑफिसचे मोठे साहेब बघायला येणार, मगच प्लांटचा निर्णय. त्यांनी दिवस दिला तो नेमका अमावास्येचा. देसाईसाहेबांनी फोन केला, "सर, अमावास्या सोडून या."

मोठ्या साहेबांना वाटलं, पोरगा अंधश्रद्धाळू निघाला. ते म्हणाले, "आता तर अमावास्येलाच येणार."

अमावास्येपर्यंत पाँड तळाला जायचे. मग आम्ही आठवडाभर प्लांट निम्म्यावर चालवला आणि निवळ पाणी जपलं. कॉलनीला एकच वेळ पाणी. बायका हंडे घेऊन गेटवर आल्या, पुढे वहिनी, म्हणजे अण्णांच्या घरच्याच. "घरात पाणी नाही आणि हे म्हणे पाणी बनवतात." अण्णा पंपामागे जाऊन बसले.

अमावास्या आली. मोठ्या साहेबांनी दिवसभर प्लांट फुल लोडवर चालवायला लावला. प्रेशर हललं नाही. पाण्याची टेस्ट केली, पास. गाळलेला कागद उजेडात धरला, जवळजवळ पांढरा. मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

"बघा देसाई. अमावास्या होती. काय झालं? काही नाही. ते पंचांग उतरवा आणि प्लांट चालू ठेवा."

देसाईसाहेब म्हणाले, "येस सर." आम्ही खाली बघत उभे होतो, एकमेकांकडे बघायची सोय नव्हती.

गाडी गेटबाहेर पडल्यावर देसाईसाहेब पंचांग काखेत मारून पंपाकडे गेले. अण्णा दिवसभर तिथंच उभे होते, पंपावर हात ठेवून.

"अण्णा, प्लांट राहिला. तुमची नोकरी पक्की."

अण्णांनी पंप बंद केला. सगळीकडे शांत झालं. मग चांगला कान पुढे करून म्हणाले, "काय म्हणले, साहेब?"

साहेबांनी परत सांगितलं.

"ऐकू आलं, साहेब. आता अजून एकदा सांगा."