फ्लोरियनचे एकशे ब्याण्णव

फ्लोरियन गापिन्स्कीने तीस वर्षं शाळेची बस चालवली. पाटी दिसली, वाचली, मागे पडली. कागदही तो तसेच वाचतो. मिलवॉकीतल्या एका घरात आम्ही दोघंही भाड्याने राहतो, तो वर, मी खाली. त्याच्या पायांच्या आवाजावरून मी वार सांगते. शुक्रवारी वर टाचा नाचतात, कारण संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं आणि तिथे हा कॉन्सर्टिना वाजवतो. ओढायची-दाबायची पेटी आहे ती, त्याच्या बापाची.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी टाचा नाचल्या नाहीत, वर खोकी सरकत होती. मी जिना चढून गेले.

नव्या घरमालकाची चिठ्ठी दोघांनाही आली होती. भाडेकरूने आपल्या सामानाचा विमा काढावा, शुक्रवारी पाचच्या आत त्याचा कागद आणून द्यावा, नाहीतर पुढचा करार नाही. माझा विमा जुनाच, मी कागद सोमवारी देऊन आले होते. फ्लोरियन मात्र घर सोडून फीनिक्सला मुलीकडे निघाला होता. तिने खोली दिली होती, पण घरात पेटी वाजवायची नाही असं सांगून.

"विमा तुझ्यासारख्या श्रीमंतांनी काढावा, टिली. माझ्या पेन्शनीत बसत नाही," असं म्हणून त्याने मला कप गुंडाळायला बसवलं.

गुंडाळायला जुने कागद होते. त्यात एका विमा कंपनीचं अकरा वर्षांपूर्वीचं पत्र निघालं. मला बोट ठेवून शब्द न् शब्द वाचावा लागतो, त्यामुळे कप राहिला बाजूला.

"फ्लोरियन, हे वाच."

"वाचलंय. एकशे ब्याण्णव डॉलर. तेव्हाच फेकायला हवं होतं."

"आकड्याच्या पुढचं वाच."

"पुढे काय असणार? भाडं महिन्याचं, वीज महिन्याची, फोन महिन्या..." इथे तो थांबला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वर्षाचे?"

"वर्षाचे. महिन्याला सोळा. आता एखाददुसरा डॉलर वाढला असेल."

घड्याळात साडेतीन वाजले होते. त्याने एका पायात चप्पल, एका पायात बूट घातला, तो मी जिन्यात बदलायला लावला. बसमध्ये सीटवर टेकायला तयार नाही, उभाच. ड्रायव्हरला ऐकू जाईल असं म्हणाला, मी असतो तर पिवळ्या दिव्यावरच बस काढली असती. मग ओळख ना पाळख, उतारूंना विचारत सुटला, तुम्ही भाड्याने राहता का, विम्याला किती भरता? वेण्यांवाल्या नर्सबाई म्हणाल्या पंधरा. एका विद्यार्थ्याचे दोन कॉम्प्युटर आणि महागडी सायकल, तो भरायचा पंचवीस. मागून कुणीतरी अठरा म्हणालं. प्रत्येक आकड्याला फ्लोरियन मांडीवर थाप मारत होता, तीही निम्म्या वेळा माझ्या.

विम्याच्या ऑफिसातल्या मुलीने विचारलं, सामान किती किमतीचं? हा म्हणाला, सगळं भंगार. मी म्हटलं, मुली, आधी पेटी लिही. मग पलंग, कोट, टीव्ही, भांडी असं एकेक सांगत गेलो, आणि बेरीज वीस हजारांच्या वर गेली. नव्याने घ्यायचं झालं तर एवढं लागेल, ती म्हणाली. भंगारवाला खुर्चीत ताठ बसला.

"महिन्याला एकोणीस," ती म्हणाली.

"महिन्याला ना? आठवड्याला नाही ना?" त्याने दोनदा विचारलं आणि या वेळी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सावकाश. इतका सावकाश की मीच त्याच्या हातात पेन कोंबलं.

पाचला दहा कमी असताना आम्ही घरमालकाच्या ऑफिसात पोचलो. तिथल्या बाईने विम्याच्या कागदावर शिक्का मारला आणि नवा करार पुढे सरकवला. फ्लोरियनने सही ठोकली.

तिथून थेट हॉल. पैसे द्यायच्या खिडकीशी मी सवयीने पर्स उघडली आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला.

"फ्लोरियन, मी महिन्याला एकशे ब्याण्णव भरते असं वाटत होतं ना तुला? म्हणून दर शुक्रवारी मासे माझ्या पैशाने?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मला वाटायचं, हिला काय कमी आहे."

"अकरा वर्षं."

त्याने पाकीट काढलं. दोन ताटं, वर बटाट्याचे पॅनकेक जास्तीचे. मग पेटी आणायला घरी पळाला, कारण ती अजून खोक्यात होती.